प्रतिक्रिया: इशारा होता, विमा नव्हता

अमेरिकेतल्या हेलेन चक्रीवादळावरच्या या लेखात लिहिलंय की समुद्रापासून इतक्या लांब पूर येईल याची कुणाला कल्पनाच नव्हती. हे अर्धंच खरं. तिथल्या हवामान खात्याने नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या डोंगराळ भागाला आधीच अगदी कडक शब्दांत बजावलं होतं. पण फ्लोरिडात किनाऱ्यावर धडकलेलं वादळ ६०० किलोमीटरवर येऊन आपलं घर नेईल, हे मनाला पटत नाही हो!

वादळ यायच्या आधीच तिथे धो धो पाऊस पडून जमीन तुडुंब भरली होती. मग २७ सप्टेंबर २०२४ ला वादळाचे बाष्पाने लदलेले वारे ब्लू रिज डोंगरांवर आदळले. आपल्या घाटमाथ्यावर होतं तेच, फक्त कितीतरी पटींनी. यान्सी काउंटीत बुसिकला काही दिवसांत जवळपास ३१ इंच पाऊस! पाणी अरुंद दऱ्यांतून उतरलं आणि जाताना रस्ते, पूल घेऊन गेलं. काही वाड्यांवर सामान चक्क खेचरांवरून पोचवावं लागलं, तेही अमेरिकेत.

लेखात एक मुद्दा मात्र राहिलाच. तिथल्या साध्या घरविम्यात पूर धरत नाहीत, वेगळा घ्यावा लागतो, आणि या डोंगरांत तो जवळजवळ कुणाकडेच नव्हता.