‘पडत नाहीस, बसतेस’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

नृत्य बसवणाऱ्या, आता आपल्यात नसलेल्या बाईंबरोबर मी दिवे सांभाळले. त्या कामाच्या आठवणींच्या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतलेत. गेलेल्या कलावंताबद्दल ‘तालमीत मुलींना रडवायच्या’ असं लिहिणं शोभत नाही, तो परिच्छेद काढा, हा एक. आणि दिवे लावणाऱ्यानं नृत्यावर बोलू नये, हा दुसरा. दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

मी बाईंकडे गेलो तो नाटकातून. कोल्हापुरात हौशी नाटकांना दिवे करत शिकलेला माणूस आधी चेहरा उजळतो. नाटकात बोलणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे, म्हणून समोरचे दिवे आमचे मुख्य. बाईंनी पहिल्याच तालमीत ते सगळे बंद करायला लावले. “तोंडं नकोत मला, पाठी दाखव,” म्हणाल्या. विंगेत स्टँड उभे करून दिवे पोटरीच्या उंचीवर बांधायला सांगितले. मला ते पटलं नव्हतं आणि मी तसं तोंडावर बोललो. मग दिवे लागले. समोरून उजेड पडला की अंग सपाट दिसतं. आडवा पडला की बरगडी, खांदा, मांडीचा स्नायू सुटा उठून येतो. शिवाय झोत खालून आडवा जात असल्यानं जमीन जवळजवळ काळीच राहते आणि त्या काळोखावर माणूस अधांतरी उभा असल्यासारखा वाटतो.

हे बाईंचं खूळ नव्हतं. अमेरिकेत आधुनिक नृत्य घडवणाऱ्या मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यांचा प्रकाश जीन रोझेन्थाल यांनी कित्येक वर्षं सांभाळला. तिथलेच नृत्यकार मर्स कनिंगहॅम यांच्या १९६४ च्या ‘विंटरब्रांच’ या नृत्यामध्ये तर चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग दर प्रयोगाला दिवे वेगळे चालवत, नर्तक काळ्या कपड्यांत, बराचसा वेळ अंधारात. त्या नृत्याचं वर्णन दिवे वगळून करून बघा. बाईंना हे सगळं ठाऊक होतं, म्हणून त्या मला पहिल्या तालमीपासून बसवून घेत. प्रयोगाच्या आदल्या रात्री येणारा दिवेवाला त्यांना चालत नसे.

आता तो परिच्छेद. बाईंच्या त्या नृत्यात एका मुलीला उभ्यानं तोल सोडून जमिनीवर यायचं होतं. मुलगी भरतनाट्यम शिकलेली. पाय जमिनीवर वाजवायचा, पण अंग तिच्यावर सांडायचं नाही, ही तिची वर्षानुवर्षांची सवय. ती शेवटच्या क्षणी सावरायची. बाई एकच वाक्य म्हणत राहिल्या, “तू पडत नाहीस, बसतेस.” पुन्हा पुन्हा तेच. सगळ्यांसमोर. मुलगी रडली.

यात त्यांचा हट्ट काय होता तो समजून घ्या. अमेरिकी नर्तकी डोरिस हम्फ्री (१८९५–१९५८) यांनी आपलं सगळं तंत्रच पडणं आणि सावरणं या दोन टोकांमधल्या जागेवर उभारलं. तोल खरोखर गेलाच नाही, तर सावरण्यात नृत्य उरत नाही, नुसती हालचाल उरते. आणि ही लबाडी समोर बसलेल्या माणसाला एक वेळ कळणार नाही, विंगेतून लगेच कळते. माझ्या आडव्या झोतात तिच्या कमरेचा भार पायांवरून कधी सुटतो ते स्पष्ट दिसत होतं. तो सुटत नव्हता. बाई बरोबर होत्या. ज्या शब्दांत आणि ज्या पद्धतीनं त्या बोलल्या, ते मात्र मला तेव्हाही आवडलं नाही आणि आजही आवडत नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत म्हणूनच दोन्ही लिहिल्या.

नाटकाची संहिता मागे राहते. या नृत्याचं काय राहिलं? चित्रीकरण झालं नाही. प्रयोग कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात झाला. १९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उभं राहिलेलं ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. ज्या फळ्यांवर ती मुलगी पडायला शिकली, त्याही गेल्या. अशा वेळी विंगेत उभ्या असलेल्यांनी फक्त ‘थोर’ आणि ‘प्रतिभावान’ एवढंच लिहिलं, तर पुढं कुणाला कळणार की बाई नेमकं काय करत होत्या? शोकसभेत तेवढं बोलून झालंच आहे. त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे, आणि त्यांचं काम भांडणातून, घामातून कसं घडलं हे सांगितल्याशिवाय तो आदर पोकळ राहील.

परिच्छेद मी काढणार नाही. छापण्याआधी तो त्या मुलीला वाचून दाखवला होता. आता ती स्वतः शिकवते. तिनं एक अक्षरही बदलायला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, की बाईंनी पडायला कसं शिकवलं तेही येऊ दे: गुडघ्यावर भार घ्यायचा नाही, श्वास सोडत पोटरीच्या बाहेरच्या कडेवरून मांडीवर, मांडीवरून कुल्ल्यावर यायचं आणि हात पुढं सरकवत न्यायचा. लेखात ते पुढच्याच परिच्छेदात आहे.