निस्तं झुडूपच तं आहे

माझ्या अंगणात एक झुडूप आहे. छातीएवढं उंच, काटकुळ्या फांद्या, नखापेक्षा लहान पानं. नाव क्रिओसोट. व्हिडिओ कॉलवर ते दाखवलं तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या माझ्या चुलतभावानं फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, "दादा, हे तं निस्तं झुडूप आहे. याले कोणी अंगणात लावते काय?"

मी ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात राहतो. इथं वर्षाला पाऊस जेमतेम २८० मिलिमीटर. वर्धा जिल्ह्यात त्याच्या तिपटीहून जास्त पडतो. ऊन मात्र दोन्हीकडे सारखंच माणूस भाजून काढणारं. इथल्या उन्हाळी पावसालाही लोक मान्सूनच म्हणतात. वळीव जवळ आला की या झुडपाच्या पानांवरच्या राळेचा वास सुटतो आणि अख्खं शहर त्याला पावसाचा वास म्हणतं. मला तो आधी दवाखान्यासारखा वाटला. अजूनही काळ्या मातीच्या वासाची सर त्याला नाही. यात माझा पक्षपात आहे, तो मान्य.

पहिलं रोप मी मारलं. संत्र्याचं कलम लावावं तसा खोल खड्डा केला, शेणखताची सवय म्हणून पोतंभर कंपोस्ट ओतलं, वर रोज पाणी. महिन्याभरात ते पिवळं पडून गेलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी एवढंच विचारलं, "पाणी किती दिलंस?" दुसरं रोप ऑक्टोबरात, ऊन उतरल्यावर लावलं. खाली चुनखडीचा थर इतका टणक की सब्बलीच्या ठिणग्या उडाल्या. खड्डा रुंद केला, खोल नाही. निघालेली मातीच परत भरली. पहिल्या उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी एकदा, पण मुळांच्या खालपर्यंत मुरेल असं पाणी. दुसऱ्या वर्षापासून जवळपास बंद. कोरड पडली की ते पानं गाळतं, करपल्यासारखं दिसतं, आणि एका सरीत पुन्हा हिरवं होतं. मोहावे वाळवंटात या जातीचं एक वलय आहे, एकाच मुळापासून पसरत गेलेलं. त्याचं वय सुमारे ११,७०० वर्षं धरतात. झुडूपच तं आहे!

गंमत म्हणजे हे आपल्या सराट्याच्या कुळातलं. आपला सराटा इथंही पोचलाय, आणि सायकलीच्या ट्यूब फोडतो म्हणून लोक त्याला शिव्या देत उपटतात. उलट, इथं मेस्किट या झाडाच्या शेंगा दळून पीठ करतात, आणि त्याची सख्खी बहीण वेडी बाभूळ म्हणून आपल्याकडे बदनाम आहे. देशी-परदेशी हा शिक्का झाडावर नसतो, जागेवर असतो.

भावाला हे सगळं सांगत होतो ते एका कारणानं. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की विदर्भातली झुडपी जंगलं ही वनजमीनच आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून सुमारे ८६ हजार हेक्टर. १२ डिसेंबर १९९६च्या आधी वाटलेल्या जमिनी नियमित करून घ्यायला राज्यानं केंद्राची मंजुरी मागायची. गावात तेव्हापासून दोन तट. एक म्हणतो, शाळा, टाकी, घरं त्या जमिनीवर उभी आहेत, आता तरी कागद मिळतील. दुसरा म्हणतो, जंगल म्हणायला तिथं आहे काय? बोराटी, तरवड, हिवराची खुरटी झाडं. त्यापेक्षा खड्डे मारा, झाडं लावा, हिरवंगार करा.

पहिल्या तटाशी माझं भांडण नाही. ज्याचं घर तिथं तीस-चाळीस वर्षं आहे त्याला कागद मिळालाच पाहिजे, आणि हजारो मैलांवरून मी त्याला बोराटीचं महत्त्व सांगणं हा आगाऊपणा. माझं भांडण दुसऱ्याशी आहे. ‘झुडपी’ हा शब्दच आपण उणेपणानं वापरतो. सरकारी भाषेतही तो हलक्या प्रतीच्या, झुडपं माजलेल्या जमिनीसाठी. त्या हलक्या मुरमाच्या जमिनीवर गवळाऊ गायी चरल्या, आईनं तिथली बोरं परडीभर आणली, मे महिन्यात तेंदूपत्ता जातो तोही छाटून ठेवलेल्या झुडपाचाच, मोठ्या झाडाचा नव्हे. तिथं जेसीबी घालून फूटभर मुरूम उपसायचा आणि टँकरनं जगवायचं रोप लावायचं, याला मी वनीकरण म्हणणार नाही. न्यायालयानंही पर्यायी वनीकरणासाठी, म्हणजे एकीकडचं जंगल गेलं की त्याबदल्यात दुसरीकडे झाडं लावण्यासाठी, झुडपी जमीन सरसकट मोकळी ठेवलेली नाही. दुसरी बिगरवन जमीन नाही असं मुख्य सचिवांनी लिहून द्यावं लागतं. झुडपांचं असंच रान इथं शहराच्या दोन्ही बाजूंना राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलंय.

भाऊ ऐकून घेतो, मग मुद्द्यावर येतो. "तू तिकडून बोलतं दादा. त्या झुडपात डुकरं बसतात. रातच्याले हरभरा साफ. तू येशीन काय राखाले?"

याला उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या अंगणातही हावेलिना नावाचं डुकरासारखं जनावर येतं, कुंड्या उलथवून जातं; पण माझं नुकसान म्हणजे दोन कुंड्या, त्याचं म्हणजे रब्बी. इथं झुडूप राखणं परवडतं, कारण त्याच्या शेजारी कुणाचं पोट पिकत नाही. नुकसानभरपाईचा पंचनामा आठवड्याभरात झाला असता तर झुडपावरचा राग निम्म्यानं उतरला असता, असं मला वाटतं. भाऊ म्हणतो, तसं कुठं झालेलं पाहिलं नाही.

गेल्या रविवारी त्यानं धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, फोटो पाठवला. सगळं साफ केलेलं, कोपऱ्यातली एक बोराटी तेवढी उभी. का ठेवली, विचारलं तर म्हणाला, "काट्या लागतात कुंपणाले." मग थोडं थांबून, "तुवं ते झुडूप कितीले आणलं होतं?"

मी विषय बदलला.