माझ्याच घरात मी

माझ्या घराची किंमत दरवर्षी वाढते. त्यासाठी मी काहीही केलेलं नाही, उलट दोन भिंतींना ओल आलीय. तरी मालमत्ता कराच्या बिलावर मी श्रीमंत होत चाललोय आणि पेन्शन आहे तिथेच आहे. वाढलेल्या किमतीतली एक वीट काढून बिल भरता येत नाही ना!

म्हणून ज्येष्ठांच्या सवलतीचा अर्ज आणला. अटी दोनच : घरात स्वतः राहत असावं आणि वय पासष्टच्या पुढे असावं. या दोन्ही गोष्टी तर मी बसल्या जागी करत होतो.

आधी वय अडलं. ओळखपत्रावरचा फोटो मी कलप लावायचो त्या काळातला. खिडकीतल्या बाईंनी फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला. म्हणाल्या, “काका, मुलाचं नको, तुमचं कार्ड द्या.”

मग राहणं अडलं. पाहणीला माणूस आला तेव्हा आम्ही दोघं बाहेर. दार उघडलं मेहुण्याने. हा चार दिवसांसाठी आला होता, त्याला सात महिने झाले. अंगात बनियन, हातात चहाचा कप. “मालक नाहीत,” म्हणाला. झालं! कागदावर ‘भोगवटा : भाडेकरू’. सवलत राहिली बाजूला, भाड्याच्या घराचा चढा दर लागला.

“माझा भाऊ भाडेकरू?” बायको कडाडली.

“भाडेकरू भाडं देतो,” मी म्हणालो. बोलायला नको होतं.

रांगेतल्या एका आजोबांकडे जगभरची माहिती. कॅलिफोर्नियात १९७८ साली लोकांनी मतदान करून कर किमतीच्या १ टक्क्यावर बांधून टाकला; शिवाय घर विकेपर्यंत करापुरती धरायची किंमत वर्षाला २ टक्क्यांवर वाढवायची नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात तर पंचावन्नच्या पुढे कर लांबणीवरच टाकता येतो. घर विकलं की द्या, व्याजासकट. मेहुण्याला हे फार पटलं. लांबणीवर टाकण्यात त्याचा हात कोण धरणार?

शेवटी बाईंनी तोडगा काढला : आपण भाडेकरू नाही, असं त्याने लिहून द्यावं. माझ्या खुर्चीत बसून, माझ्याच पेनाने त्याने झोकात लिहिलं, “मी या घरात कायमचा व विनामूल्य राहतो.”