काच पुसायचं पाणी

गाडीच्या पुढच्या काचेवर मारायचं पाणी घरच्या घरी कसं करावं, याच्या जेवढ्या कृती माझ्या नजरेखालून गेल्या, त्या सगळ्या बर्फ पडणाऱ्या मुलखातल्या लोकांनी लिहिलेल्या होत्या. सुरुवातच अशी, की पाणी गोठून टाकी फुटू नये याची आधी काळजी घ्या. मी हे वाचत होते जळगावात, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर, पारा ४३ वर गेलेला असताना. आमच्या गाडीच्या बॉनेटखालचं पाणी भर दुपारी काढलं, तर त्यात साखर आणि चहाची पावडर टाकायचीच काय ती बाकी असते.

तिकडे काही ठिकाणी पाणी गोठू नये म्हणून त्यात मेथॅनॉल घालतात. विषारी दारूच्या बातम्यांत ज्याने माणसं आंधळी होतात, तेच हे. खान्देशात त्याचं काही काम नाही, असं एकदा ठरवलं की अर्धी कृती आपोआप गळून पडते. मुळात वायपर ही वस्तूच थंडीतून निघाली. अमेरिकेतल्या मेरी अँडरसन नावाच्या बाईंनी न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात ट्रामच्या ड्रायव्हरचे काच पुसता पुसता होणारे हाल बघितले, आणि १९०३ मध्ये आतून दांडी ओढून फिरवायच्या वायपरचं पेटंट घेतलं. याच बाईंना मे महिन्यात जळगाव-धुळे रस्त्यावर आणलं असतं, तर त्यांनी वायपर बाजूला ठेवून आधी पाण्याचा टँकर शोधून काढला असता.

आमच्या काचेची दुखणीच निराळी. उन्हाळ्यात नांगरट झाली की काळी माती हवेत उठते आणि बारीक होऊन काचेवर बसते. बांभोरीच्या पुलावर पुढे वाळूचा डंपर असला तर गिरणा नदी तुमच्या बॉनेटवरून वाहायला लागते. भुसावळकडे जा, दीपनगरच्या वीज केंद्राची राख आहेच. ही वाळू-राख काचेवर असताना कोरडा वायपर फिरवला, की काचेवर अर्धगोल चरे उठतात आणि ते गाडी विकेपर्यंत जात नाहीत. पाऊस लागला की रात्रीचे किडे. आणि सावदा-रावेरकडे एकदा केळीच्या बागेला खेटून गाडी लावून बघा. कापलेल्या पानाच्या देठातून चिकाचा थेंब पडतो. पडतो तेव्हा तो पाण्याइतका साधा आणि नितळ असतो. तासाभराने तिथे तपकिरी डाग, आणि दुसऱ्या दिवशी त्या डागाला काळी कड. हा चीक कपड्याला लागला तर कपडा शेतात घालायच्या गठ्ठ्यात जातो. काचेला तशी सोय नाही.

एवढ्या सगळ्यावर उपाय काय, तर टाकीत चांगलं पाणी. पण खान्देशात चांगलं पाणी ही काही हात पुढे केला की मिळणारी गोष्ट नव्हे. नळाच्या पाण्याचा दिवस ठरलेला, आणि त्या दिवशी आधी पिंप, मग हंडे, मग कूलर, आणि सगळ्यात शेवटी माणसं. राहिलं बोअरचं. ते इतकं जड, की त्यात तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाणा राहते. त्याच्यातले क्षार स्टीलच्या नळावर पांढरे थर धरतात, तेच काचेवर पांढरे ठिपके होऊन बसतात आणि फवाऱ्याच्या भोकात जाऊन भोक बुजवतात.

शेजारचे नाना म्हणाले, "आरओचं वाया जाणारं पाणी घ्या की. रोज बादलीभर फेकता." नाना पाणी वाचवण्याच्या बाबतीत फार कडक आहेत, त्यांच्याकडे पाहुण्याला अर्धाच पेला मिळतो. पण आरओ जे क्षार तुमच्या पिण्याच्या पाण्यातून काढतो, ते सगळे त्या वाया जाणाऱ्या पाण्यातच गोळा होतात. म्हणजे बोअरपेक्षा जास्त बोअर. मी हे नानांना समजावून सांगितलं. नाना म्हणाले, "आम्ही तर त्यानेच फरशी पुसतो." नानांची फरशी मी बघितलेली आहे, म्हणून विषय वाढवला नाही.

शेवटी स्पेअर पार्टच्या दुकानातून बॅटरीच्या पाण्याचा ५ लिटरचा कॅन आणला. इन्व्हर्टरमध्ये घालतो तेच हे पाणी, ज्यात क्षार जवळपास नसतातच. तसं एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही बिनक्षाराचं असतं, पण त्यात एसीतली धूळ आणि बुरशी उतरलेली असते, आणि आमच्याकडे मुळात आहे कूलर. कूलर पाणी देत नाही, पितो.

आता कोणी म्हणेल, एवढं स्वच्छ पाणी मिळालं तर तेच भरावं, पुढची भानगड कशाला? तर नुसतं पाणी टाकीत राहिलं आणि कोमट झालं की त्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात. त्यांनी एक वेगळाच न्यूमोनिया होतो, आणि फवाऱ्याचे तुषार श्वासात गेले की ते जंतू आत. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी गाडीच्या काचेच्या पाण्याशी या आजाराचा संबंध दाखवला होता, आणि तिथे मुख्य अडचण हीच होती, की लोक टाकीत नुसतं साधं पाणी भरत होते. तेही ब्रिटनमध्ये, जिथे ऊन पडलं की लोक फोटो काढतात. आमच्या टाकीत पाणी कोमट व्हायला वेगळं काही करावं लागत नाही.

म्हणून स्पिरिट. मेडिकलवाल्याने आधी विचारलं, "कोणाला लागलं?" मी म्हटलं, गाडीला. मग त्याने माझ्याकडे जरा निरखून बघितलं. आखाजीच्या आठवड्यात स्पिरिट मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तसं बघायची त्याला सवय असावी, पत्त्यांचे डाव आणि बाकीचं सगळं गावोगाव रंगात आलेलं असतं. बाई पुढे उभी बघून त्याचा हिशोब चुकला एवढंच. स्पिरिटने काचेवरचा तेलकट थर सुटतो आणि पाणी लवकर उडून जातं. मात्र ते मिसळायचं अंगणात, गॅसच्या शेगडीपासून लांब.

तिसरी गोष्ट, भांडी घासायचं लिक्विड. ५ लिटर पाण्याला वाटीभर स्पिरिट आणि लिक्विड चहाचा एक चमचा, बस. इथे प्रत्येकाचा हात सैल सुटतो, कारण फेस दिसला नाही तर स्वच्छता झाली असं आपल्याकडे कोणाला वाटतच नाही. जास्त साबण घातला की काचेवर फेस राहतो, उन्हात जागच्या जागी वाळतो, आणि संध्याकाळी समोरून दिवे आले की काचेवर पडदा. व्हिनेगरही सुचवतात लोक. पण काचेच्या खालच्या जाळीतूनच गाडीत हवा ओढली जाते, त्यामुळे व्हिनेगर मारलं की आत चायनीजच्या गाडीवर बसल्यासारखा वास. धुण्याचा सोडा तर नकोच, रंगाला चांगला नाही.

एवढा विचार करून मी पाणी तयार केलं, निळ्या झाकणाची, वायपरचं चित्र असलेली टाकी भरली (शेजारची कूलंटची, तिला हात लावायचा नाही) आणि निर्धास्त झाले. आमच्या घरात निर्धास्त झालेलं माणूस कोणाला बघवत नाही.

सासूबाईंच्या मते केमिकलने काच खराब होते. त्यांनी रिठे रात्रभर भिजवले, सकाळी कुस्करले, जुन्या साडीच्या फडक्यातून गाळले आणि कोणाला न सांगता टाकीत ओतले. रिठ्याने सोनं उजळतं हे खरं, आणि जळगावच्या बाईला सोन्यापुढे काच काय सांगणार? मुलाचं म्हणणं वेगळं. त्याने दुकानातली बाटली बघितली होती आणि ती निळी होती. आपलं पाणी पांढरं, म्हणजे कमअस्सल. त्याने आजीच्या फडताळातली नीळ आणली आणि आख्खी पुडी रिकामी केली. दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही, मला तर नाहीच.

आखाजीला माहेरी निघाले तेव्हा ऊन उतरायची वाट बघून संध्याकाळी निघाले. जळगावहून धुळ्याकडे संध्याकाळी जाणं म्हणजे एरंडोल, पारोळा, सगळा रस्ता सूर्याशी डोळ्याला डोळा लावून जाणं. त्यात काचेवर धूळ. एरंडोल सोडल्यावर मी दांडी ओढली. उजवीकडच्या भोकातून काहीच आलं नाही. डावीकडून निळसर, फेसाळ धार निघाली, काचेवर अर्ध्यापर्यंत चढली आणि दमून बसली. वायपरने ती इमानाने सगळीकडे पसरवली. सूर्य त्या निळ्या फेसातून असा काही फाकला, की समोर रस्ता आहे, ट्रक आहे की लग्नाचा मांडव, काही कळेना. आणि वास! उन्हात चार दिवस आंबलेल्या रिठ्यांचा वास ज्याने घेतला नाही, त्याने व्हिनेगरला नावं ठेवू नयेत. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते, केमिकल घालू नको."

कडेला चहाच्या टपरीवर गाडी घेतली. टपरीवाल्याने शिळा पेपर दिला, ओला करून काच पुसली, मग कोरड्या पानाने चमकवली. या कामात वर्तमानपत्राचा हात कोणी धरणार नाही. तिथे चहा पीत बसलेल्या ट्रकवाल्याने वर सल्ला दिला, की काचेला तंबाखू चोळायची, पावसात वायपरचं काम पडत नाही. पाऊस यायला दीड महिना होता, पण सल्ला वाया जाऊ द्यायचा नाही अशी त्या गावाकडची रीत आहे.

माहेरी पोचले तर जिभाऊ ओट्यावर. माझे चुलत भाऊ, बोलणं पक्कं अहिराणी. पंपापासून पीठगिरणीपर्यंत ज्याला भोक आहे अशी कोणतीही वस्तू जिभाऊंच्या हद्दीत येते.

"काय व्हयनं बहीन?"

"जिभाऊ, फवारा बुजला आहे. बारीक टाचणी मिळाली तर..."

"टाचणी कसाले?" जिभाऊ बांधावर गेले आणि बाभळीचा काटा घेऊन आले. बाभळीचा काटा म्हणजे पांढरा, बोटभर लांब, टोकाला सुईहून वाईट. त्यांनी तो भोकात घातला, फिरवला, जोर लावला. आतून रिठ्याचा चिकट तपकिरी धागा निघाला, त्याच्यामागे निळीचा गाळ. मग त्यांनी दुसरं भोक घेतलं. आतली बारीक गोळीच काट्याने वर फिरली, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

"आते दाब!"

मी दांडी ओढली. दोन्ही धारा काचेला न शिवता, टपावरून कमान करून गाडीच्या मागे गेल्या. मागे धुतलेलं, कडक इस्त्रीचं पांढरं धोतर नेसून धाकट्या काकूंचे व्याही उभे होते. सणाला आलेले. मानाचे. छातीपासून गुडघ्यापर्यंत निळे ठिपके.

सगळं अंगण गप्प. काकूंनी पदर तोंडाला लावला, हसू लपवायला की रडू, कळायला मार्ग नव्हता. जिभाऊंनी मात्र व्याह्यांचं धोतर जवळ जाऊन, चिमटीत धरून तपासलं आणि निकाल दिला, "काही व्हत नही. नीयच शे ती. धोतर आखो पांढरं व्हई!"

व्याहीही भले माणूस. ते म्हणाले, कांजीही घातली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी परतायच्या वेळी मी डिकीतला कॅन काढला. उरलेलं चांगलं पाणी त्यात होतं, निदान मी आणलं तेव्हा होतं. कॅन हलका लागला. ते बॅटरीचं पाणी जिभाऊंनी इन्व्हर्टरला घालून टाकलं होतं, स्पिरिट-साबणासकट. बदल्यात माझी टाकी त्यांनी विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरून ठेवली होती. "काचना इतला लाड कसाले? पानी ते पानीच ऱ्हास!" घरातले दिवे अजून चालू होते, पण इन्व्हर्टरमधून मंद खळखळ ऐकू येत होती, तेव्हा मी ते प्रकरण भावांवर सोपवलं.

विहिरीचं पाणी बोअरच्या वरताण जड. ते काढून टाकायचा एकच मार्ग होता. गाडी फाटकाबाहेर घेतली आणि दांडी ओढून धरली. धारा पुन्हा टपावरून कमान करून मागे. दुपारचे बारा, ऊन ४३ चं. पहिल्या धारेला एक भाचा चुकून भिजला. दुसऱ्या धारेला सगळे भाचे मुद्दाम मागे येऊन उभे राहिले, मग शेजारपाजारची पोरं, मग एक बकरी. पंप तापू नये म्हणून मी मधे मधे थांबत होते, आणि थांबले की मागून आरडाओरडा.

"फुई, आखो! फुई, आखो!" म्हणजे आत्या, अजून!

टाकी संपली तेव्हा जिभाऊ विहिरीवरून दुसरी बादली घेऊन येताना दिसले.