तुटक रेषांबद्दल: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

सर, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली, पण दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं वाटेना म्हणून आज रविवारी निवांत बसून लिहितेय. ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: अकरावीच्या मुलांना रासायनिक बंध खरंच कळलेत का हे बघायला मी एक छोटी चाचणी घेतली, तिच्यात आधी उत्तर निवडायचं आणि मग त्याचं कारणही निवडायचं. सरांचं म्हणणं असं, की ज्याला इलेक्ट्रॉन-डॉट आकृती (अणूच्या बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवणारी) बिनचूक येते त्याला बंध कळलेलाच असतो, उगाच कारण विचारून पोरांना अडकवायचं कशाला, ऐंशी जणांच्या वर्गात हे तपासणार कोण, आणि चुकीची कारणं पर्यायांत छापली की नेमकी तीच डोक्यात बसतात.

आकृतीपासून सुरुवात करते, कारण माझं खरं भांडण तिथेच आहे.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे, हुशार, वही बघाल तर छापल्यासारखी. सोडियम क्लोराइडची आकृती तिने इतकी सुरेख काढली की मी पैकीच्या पैकी मार्क दिले असते. त्याच कागदावर खाली मी मिठाच्या स्फटिकाचा एक सपाट थर दिला होता, मधे सोडियम आयन (म्हणजे विद्युतभार असलेला अणू) आणि भोवती चार क्लोराइड (वरचा नि खालचा धरला तर सहा होतात), आणि विचारलं होतं की या सोडियमचे बंध दाखव. तिने एका क्लोराइडकडे जाड रेघ ओढली आणि बाकी तिघांकडे तुटक रेषा. बाजूला लिहिलं, "एक खरा बंध, बाकीचं नुसतं आकर्षण." मी तिला जवळ बोलावून विचारलं, याच क्लोराइडशी खरा बंध कशावरून? तर म्हणाली, "मॅडम, सोडियमकडे द्यायला एकच इलेक्ट्रॉन होता, तो याला दिला ना." मग दुसऱ्याला का नाही दिला? ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "सगळे सारखेच दिसतायत, मॅडम."

सर, त्या कागदावर वरची आकृती बरोबर होती आणि तिच्याच जोरावर खालची चुकली होती, कारण भोवतालच्या सगळ्या क्लोराइडशी सोडियमचा बंध सारखाच असतो! आपण फळ्यावर एक सोडियम, एक क्लोरीन आणि मधे बाण काढतो, पोरं त्या बाणालाच बंध समजतात आणि ती जोडी आयुष्यभर डोक्यात घेऊन फिरतात. हे फक्त आपल्याकडचं नाही, इंग्लंडमध्ये विज्ञानशिक्षणाचे अभ्यासक कीथ टेबर यांनी 1990 च्या दशकात मुलांशी बोलून नेमकं हेच नोंदवलंय, एक बंध आणि बाकी नुसती बलं.

आणि मुलांना तरी काय दोष द्यायचा. भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स ब्रॅग (ब्रॅग बापलेकांतले धाकटे) यांनी क्ष-किरणांवरून मिठाची रचना 1913 मध्ये मांडली, तिच्यात सोडियम आणि क्लोरीन आलटून-पालटून होते, सुटा रेणू कुठेच नव्हता. त्यानंतर चौदा वर्षांनी, 1927 मध्ये, हेन्री आर्मस्ट्राँगसारख्या ऐंशीला टेकलेल्या नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञाने 'नेचर'मध्ये पत्र लिहून या बुद्धिबळाच्या पटासारख्या मिठाला कडाडून विरोध केला होता. जे त्यांना पचलं नाही ते सोळा वर्षांच्या पोरीला एका बाणावरून कळेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

तुम्ही लिहिलंय, "अष्टक पूर्ण होतं म्हणून बंध होतो, एवढं पुरे." (अष्टक म्हणजे बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन.) नाही पुरत सर, हिशोबच लागत नाही. सोडियमचा एक इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे (म्हणजे अणूंच्या एका ठरावीक संख्येमागे) 496 किलोज्यूल घालावे लागतात, क्लोरीनने तो घेतला की 349 परत मिळतात, म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत 147 चा तोटाच आहे. तो भरून निघून वर फायदा होतो तो आयन एकमेकांभोवती रचले जातात तेव्हा, तिथे सुमारे 787 सुटतात. म्हणजे खरी गोष्ट स्फटिकात आहे, आणि आपण मार्क देतो बाणाला.

आमच्या भागात मिठागरं आहेत, पेण-उरणकडची पोरं वर्गात असतात, त्यामुळे आता मी सरळ विचारते की मिठागरात मीठ तयार होताना इलेक्ट्रॉन कोणी कोणाला दिला. समुद्राच्या पाण्यात सोडियम आणि क्लोराइड आधीपासून आयन म्हणूनच आहेत, पाणी उडून जातं आणि ते एकमेकांजवळ येतात, देणं-घेणं काही होतच नाही. या प्रश्नावर वर्गात जी शांतता पसरते ना, तिथून पुढे शिकवायला मला फार बरं वाटतं.

कारण का विचारायचं याचं अजून एक उदाहरण देते. पाणी उकळताना बुडबुड्यात काय असतं, याला बहुतेक जण 'पाण्याची वाफ' हे बरोबर उत्तर निवडतात. बोर्डात इथे मार्क मिळाला, विषय संपला. पण कारणात बरेच जण 'हायड्रोजन आणि ऑक्सिजनमधला बंध तुटतो' हे निवडतात! 100 अंशाला पाण्याची वाफ करायला मोलमागे साधारण 41 किलोज्यूल लागतात आणि ओ-एच बंध तोडायला एकेका बंधाला 463 च्या आसपास, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रेणूरेणूंमधलं आकर्षण आणि रेणूच्या आतला बंध यांची गल्लत झालीय हे पहिल्या उत्तरावरून मला कधीच कळलं नसतं. म्हणूनच ऑस्ट्रेलियात विज्ञानशिक्षणाचे अभ्यासक डेव्हिड ट्रेगस्ट यांनी 1988 मध्ये या दोन टप्प्यांच्या चाचण्यांची पद्धत मांडली, त्यात उत्तर आणि कारण दोन्ही जुळलं तरच बरोबर धरायचं. तुक्क्याचंच बघा, चार पर्यायांत तो लागायची शक्यता 25 टक्के, दोन्ही टप्प्यांत मिळून 6.25.

वेळेचं म्हणाल तर मी एका तासाला दोनच प्रश्न देते, शेवटच्या दहा मिनिटांत, फळ्यावर लिहून. मुलं पाव कागदावर '2-ग' (उत्तर 2, कारण ग) असं फक्त लिहितात, नावही नको. स्टाफरूममध्ये मी चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावते, ऐंशी चिठ्ठ्यांना वीस मिनिटं लागत नाहीत, आणि कुठला गठ्ठा जाड झाला त्यावर उद्याचा तास ठरतो. मार्क देतच नाही, त्यामुळे 'अडकवणं' हा शब्द मला खरंच लागला सर. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात, तिथे कारणात शिरायला वेळ नसतो हे मला मान्य आहे, म्हणून तर ते आधी वर्गात व्हायला हवं.

आता तुमचा शेवटचा मुद्दा, छापलेली चुकीची कारणं डोक्यात बसण्याचा. तो बरोबर आहे आणि मी त्यावर पुरेसा विचार केला नव्हता. मी चिठ्ठ्या घेऊन जायची आणि चर्चा दुसऱ्या दिवशी करायची, कधी मधे सुट्टी आली की तीन दिवसांनी. तेवढ्या वेळात चुकीचं कारण छान मुरतं, शिवाय ते मॅडमनी स्वतः फळ्यावर लिहिलेलं असतं. तर या आठवड्यापासून चिठ्ठ्या गोळा झाल्या की त्याच तासाला पाच मिनिटं ठेवून प्रत्येक कारण मुलांकडूनच खोडून घेणार आहे, आणि पर्यायांत 'वरीलपैकी नाही, माझं कारण असं' अशी एक मोकळी ओळही ठेवतेय, मराठीत लिहिलं तरी चालेल असं सांगून, कारण काहींना कळलेलं असतं पण इंग्रजीत मांडता येत नाही.

तुमच्या क्लासच्या बॅचला तो मिठाच्या थराचा प्रश्न एकदा द्याल का? एक सोडियम, भोवती चार क्लोराइड, बाकी काही सांगू नका. किती जणांनी तुटक रेषा काढल्या ते इथेच कळवा, मी माझ्या दोन्ही तुकड्यांचे आकडे शुक्रवारपर्यंत टाकते.