रत्नागिरीकर, फोटो मी कापला होता

रत्नागिरीकर,

नावाच्या जागी तुम्ही एवढंच लिहिलंय, म्हणून तसंच म्हणते. राग मानू नका.

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली, मुलं झोपल्यावर. आधी चिडले. नवऱ्याला वाचून दाखवली तर तो म्हणाला, "आज उत्तर लिहू नकोस." म्हणून आज बुधवारी लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. दादर चौपाटीवर मुलांना घेऊन घालवलेल्या संध्याकाळींबद्दल मी लिहिलं होतं. थोरली सात वर्षांची आहे, धाकटा साडेतीनचा. त्यावर रत्नागिरीकरांचं म्हणणं असं: लेखासोबतच्या फोटोच्या डाव्या कोपऱ्यात काळं पाणी दिसतंय आणि त्याच्यापासून वीस पावलांवर तुम्ही एवढंसं पोर वाळूत बसवलंय, हा बेजबाबदारपणा आहे. हा समुद्र नव्हे, गटाराचं तोंड आहे, त्यापेक्षा मुलांना घरात बसवा. समुद्र दाखवायचा तर मे महिन्यात मुलांना गावी आणा. आणि दादरला पाण्याजवळ राहणाऱ्यांनाच असलं गोड गोड लिहायला सुचतं, लोकलला लोंबकळून घरी येणाऱ्या आईबापांना नाही.

फोटोपासून सुरुवात करते, कारण तिथे तुम्ही मला पकडलंय. तो फोटो मी कापलेला आहे. मूळ फोटोत डावीकडे पर्जन्यवाहिनीचं तोंड स्पष्ट दिसतं. मी ते काढलं, पण पूर्ण निघालं नाही, कोपऱ्यात राहिलं. पर्जन्यवाहिनी हे नाव पावसाच्या पाण्याचं, पण भर मे महिन्यातही ती वाहत असते आणि त्यात काय वाहतं हे दादरच्या माणसाला सांगावं लागत नाही. चैत्यभूमीशेजारी 2022 साली महापालिकेने जो व्ह्यूइंग डेक बांधला, जिथे उभं राहून निम्मी मुंबई सूर्यास्ताचे फोटो काढते, तो अशाच एका वाहिनीच्या तोंडावर बांधलेला आहे. वर कठडे, बाकं, झाडं, खाली नाला. म्हणजे फोटो कापणारी मी एकटी नाही, पण मी कापला हे खरं.

आणि एक गोष्ट लेखात नव्हती, ती तुम्हाला माहीत असणं शक्यच नाही. गेल्या फेब्रुवारीत धाकट्याच्या तळपायात काच गेली. वाळूत अर्धी पुरलेली बाटलीची काच. दोन टाके पडले. मी त्याला कडेवर घेऊन केळुस्कर रोडपर्यंत धावत आले, ओढणी रक्ताने भिजलेली, थोरली मागून त्याची चप्पल घेऊन रडत. चप्पल हातात, पायात नाही, हे लक्षात आलं असेल तुमच्या. डॉक्टरांनी लसीकरणाचं कार्ड मागितलं, बूस्टर वेळेवर झालेला होता म्हणून धनुर्वाताचं वेगळं इंजेक्शन द्यावं लागलं नाही. घरी सासूबाई काही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

हे मी लेखातून का गाळलं? कारण लिहिलं असतं तर खाली पन्नास जणांनी "मग घरात बसवा" असं लिहिलं असतं. आता तुम्ही न वाचताच ते लिहिलंत, तेव्हा लपवण्यात काही फायदा झाला नाही.

आता "घरात बसवा"बद्दल. आमचं घर पागडीचं आहे, सव्वादोनशे फूट, पोटमाळा धरून. दादरला राहतो म्हणजे समुद्र दिसणाऱ्या टॉवरात राहतो असं तुम्हाला वाटलं असेल तर एकदा चहाला या, आमच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचा जिना दिसतो. या घरात दोन मुलांनी संध्याकाळी सहा ते आठ काय करायचं? उडी मारली की खालच्या मजल्यावरच्या आजी काठीने छत ठोकतात. त्यांचंही चुकत नाही. पॅसेजमध्ये स्कूटर, जिन्यात कुंड्या आणि चपलांचे स्टँड. शिवाजी पार्क आहेच, आम्ही जातोही. पण तिथे एका बाजूला नेटमध्ये सीझन बॉलने खेळणारी पोरं, दुसरीकडे फुटबॉल, आणि उन्हाळ्यात ती लाल माती अशी उडते की कट्ट्यावर बसलेल्यांचे चष्मे लाल होतात. थोरलीला शिंकांचा त्रास आहे. तर मैदानात धूळ, किनाऱ्यावर नाला. दोन्हीतून निवडायचं असतं हो, तिसरं काही आमच्या वॉर्डात दिलेलं नाही.

लोकलला लोंबकळणाऱ्यांचं म्हणालात. मी रोज दादरहून अंधेरीला जाते, परत येईपर्यंत पावणेसात. लेखात मी "रोज संध्याकाळी" लिहिलं होतं, तेही खोटं आहे. मुलं रोज जात नाहीत. आठवड्यातून दोनदा, त्यातला एक रविवार. दुसऱ्यांदा सासरे घेऊन जातात. तो "रोज" वाक्य छान वाटावं म्हणून पडला. पण लोकलवाल्यांची बाजू तुम्ही घेतलीत ती मला पटली नाही. एखाद्या रविवारी चौपाटीवर येऊन विचारून बघा कोण कुठून आलंय. कळवा, डोंबिवली, नालासोपारा. पाच वर्षांखालच्या पोराला लोकलचं तिकीट लागत नाही, घरचा डबा असतो, जुनी चादर असते. लांबून येतात आणि दिवे लागेपर्यंत हलत नाहीत. पाण्याजवळ राहणारे आम्हीच नाक मुरडत तासाभरात परत फिरतो.

आता गावच्या समुद्राबद्दल. माझे सासरे गुहागर तालुक्यातले. तुमची प्रतिक्रिया त्यांनाही वाचून दाखवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "ह्यांना विचार, लहानपणी एकटे समुद्रावर जायचे काय?" त्यांच्या गावात पोरांना मोठ्या माणसाशिवाय किनाऱ्यावर सोडत नसत, आणि पावसाळा लागला की नारळी पौर्णिमेपर्यंत तिकडे फिरकायची बंदी. पाणी काचेसारखं असूनही. गणपतीपुळ्याला धोक्याच्या पाट्या कशासाठी लागल्यात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आम्ही मेमध्ये गावी जातोच, मुलं तिथे पाण्यातून बाहेर यायला तयार नसतात, तो आनंद वेगळा, कबूल. पण तो दहा दिवसांचा. उरलेलं वर्ष ती ज्या समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर झोपतात त्याच्याकडे पाठ फिरवून वाढवायची, हे मला जमणार नाही.

सासऱ्यांनी थोरलीला एक हिशेब शिकवलाय. तुम्हाला ठाऊक असणार, पण मुंबईतल्या फार लोकांना नसतो. तिथीला पाऊणने गुणायचं, साधारण तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पंधरापर्यंत गेलात की सव्वाअकरा येतात, आणि प्रतिपदेला पुन्हा पाऊणपासून सुरुवात. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पुनवेला आणि अवसेला भरती दुपारी बाराच्या आगेमागे आणि संध्याकाळी सहाला पाणी लांब गेलेलं, वाळूच वाळू. अष्टमीला नेमकं उलट: सहा वाजता भरती पूर्ण. थोरली आता शुक्रवारी कालनिर्णयसमोर खुर्ची ठेवून उभी राहते आणि बोटं मोजते. तिला पाऊणचा पाढा शाळेने शिकवलेला नाही, या कामासाठी तिने स्वतः पाठ केला. सहा पाऊणे साडेचार, सात पाऊणे सव्वापाच. अष्टमीचं पाणी भांगाचं, फार चढत नाही, आणि पुनव-अवसेचं उधाणाचं, हेही तिला कळतं. पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी पेपरात येते, ती कापून आम्ही फ्रिजवर लावतो.

हे सगळं का सांगतेय? कारण तुम्ही म्हणालात, "मुंबईच्या पोरांना समुद्र म्हणजे भेळ." हसू आलं, कारण धाकट्यासाठी अजून तसंच आहे. पण थोरलीला ओहोटीच्या ओल्या वाळूत मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गोळ्यांची नक्षी कुठे दिसेल ते माहीत आहे. बारीक खेकडे वाळू तोंडात घालतात, त्यातलं खाण्याजोगं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. भोकाभोवती किरणांसारख्या रेघा होतात. ती त्यांना रांगोळीवाले म्हणते. पाऊल वाजलं की सगळे आत. मग ती आणि धाकटा श्वास रोखून उकिडवे बसतात, आणि साडेतीन वर्षांचं मूल पूर्ण दोन मिनिटं गप्प बसलेलं मी फक्त तिथे पाहिलंय. भरती आली की नक्षी पुसली जाते. पहिल्यांदा धाकटा त्यावरून रडला होता. आता तो पाण्यालाच ओरडतो, "थांब रे!"

तुम्ही या समुद्राला मेलेला म्हणालात. घाणेरडा म्हणा, मी मान डोलावते. माहीमच्या खाडीतून मिठी येऊन मिळते, अर्ध्या शहराचं सांडपाणी येतं, पावसाळ्यात उधाणाला समुद्र आपलाच कचरा आपल्या दारात आणून टाकतो. पण मेलेला नाही. 2018 च्या मार्चमध्ये वर्सोव्याच्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं निघाली. तुमच्या जिल्ह्यातल्या वेळासला जी पिल्लं बघायला इथून गाड्या भरून माणसं जातात, तीच. त्याआधी अडीच वर्षं तिथे लोक आठवड्याच्या आठवड्याला प्लास्टिक उपसत होते. गेल्या थंडीत आम्ही मरीन लाईफ ऑफ मुंबई या, किनाऱ्यावरचे जीव दाखवणाऱ्या गटाच्या लोकांबरोबर ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फिरलो. त्यांचा नियम एकच, हात मागे बांधायचे. शंखात राहणारे खेकडे, दगडाला चिकटलेली समुद्रफुलं, सगळं डोळ्यांनी. घरी आल्यावर धाकटा दोन दिवस हात मागे बांधून भाजीवाल्याकडेही फिरत होता.

बेजबाबदारपणाचं उरलं. काचेनंतर आम्ही जे बदललं ते असं. चप्पल काढायची नाही, अगदी ओल्या वाळूतही नाही. मागे पट्टा असलेलीच घालायची, कारण साधी स्लिपर रुतते. वाहिनीच्या तोंडाच्या बाजूला जायचंच नाही, कीर्ती कॉलेजच्या बाजूने उतरायचं. मोठा पाऊस झाला की तीन-चार दिवस किनारा बंद, कारण तेव्हा नाले सगळं एकदम ओततात. जून ते नारळी पौर्णिमा पाण्याला पाय लावायचा नाही. पायाला साधं खरचटलेलं असलं तरी नाही, लेप्टोची (घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची) भीती मला खरोखर आहे. पावसाळ्यात वाळूवर निळे फुगे आलेले असतात, ब्लू बॉटल, दिसायला खेळण्यासारखे. त्यांचे दोरे फुगा मेल्यावरही डंख करतात, म्हणून निळं काहीही दिसलं की आधी आईला हाक. घरी आल्यावर बाथरूममध्ये साबणाने गुडघ्यापर्यंत, मग खाणं. भेळसुद्धा घरी. (हा नियम सगळ्यात जास्त मोडतो. सासरे मोडतात.)

यातलं काहीच मूळ लेखात नव्हतं. तिथे फक्त सूर्यास्त होता. एखादी नवी आई माझा लेख वाचून अनवाणी पोराला घेऊन डेकच्या बाजूला उतरली असती तर तुमचा बेजबाबदार हा शब्द माझ्यासाठी बरोबर ठरला असता. चौपाटीवर नेलं म्हणून नव्हे, अर्धंच सांगितलं म्हणून.

तेव्हा आज मूळ लेखात न कापलेला फोटो टाकलाय. "रोज" काढलंय. काचेची गोष्ट खाली जोडलीय, वरचे नियमही. तुमची प्रतिक्रिया तशीच ठेवलीय. "आई आहात की कोण" हे वाक्यही ठेवलंय. ते तुम्हाला काढायचं असेल तर सांगा.

थोरलीने आत्ताच कालनिर्णय बघून सांगितलं, रविवारी षष्ठी आहे. भरती साडेचारला, सहा वाजता गेलो तरी वाळू जेमतेम. तेव्हा या रविवारी पार्कातच, रुमाल नाकाला बांधून.