मावशीची गोणी

मावशीनं दादरचं घर आवरायला घेतलं तेव्हा पाटल्या तिच्या लेकीला गेल्या, तांब्याचा बंब मामाकडे गेला आणि तिनं आयुष्यभर किनाऱ्याकिनाऱ्यांवर वाकून वाकून जमवलेले शिंपले माझ्याकडे आले. का, तर "तू बी.एस्सी. ना!" मी बी.एस्सी. फिजिक्समध्ये झालो, ही नातेवाइकांच्या लेखी किरकोळ बाब. वर हुकूम: "नुसते कोंबून ठेवू नकोस हो. नावं लावून ठेव."

गोणी जेवणाच्या टेबलावर ओतली. वाळू, केसांचा एक आकडा आणि सोबत असा वास, की घरातले सगळे पंखे लावावे लागले. कुठल्याशा शंखात एक खेकडा भाड्यानं राहत होता, तो जागा न सोडताच वारला होता.

शिंपला ओळखायचा तर पहिला प्रश्न, सापडला कुठे? मावशीला फोन लावला.

"अरे, हर्णैला. की वेळणेश्वर? तुझ्या काकांनी तो चॉकलेटी शर्ट घातला होता बघ." मग आवाज खाली आणून, "थोडे कन्याकुमारीला विकत घेतलेत, पण ते कुणाला बोलू नकोस."

दुकानातला शंख कुठल्या समुद्रातला, हे दुकानदारही छातीठोकपणे सांगणार नाही. तेव्हा गावावरून ओळख हा मार्ग बंद.

बायकोनं रंगावरून वाटणी काढली. शर्टाच्या बटणाएवढे चपटे, गुळगुळीत शंख होते ढिगानं: गुलाबी, राखी, पट्ट्यांचे, ठिपक्यांचे. प्रत्येक तऱ्हेला एक वाटी. घरातल्या वाट्या संपल्या तेव्हा पुस्तकात पान सापडलं: अंबोनियम व्हेस्टिॲरियम. सगळे एकच! या जातीत रंगाला काही धरबंधच नसतो. १७५८ साली प्राण्या-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं हिला ट्रोकस म्हटलं होतं, पुढच्या लोकांनी तेही बदललं. वाट्या पुन्हा रिकाम्या करताना बायको जे पुटपुटली, ते या सगळ्या मंडळींना उद्देशून होतं असं मी धरून चाललोय.

तेवढ्यात शेजारच्या मालवणच्या काकू विरजण मागायला आल्या. पुस्तक म्हणतं, दोन्ही शिंपा जिथे जुळतात तिथले दात मोजा. काकूंना मोजायची गरज नाही, त्यांनी या मंडळींना स्वतःचे दात लावलेले आहेत. "ह्यो तिसऱ्यो. ह्येंचा सुक्या बरा लागता." कालवं एका नजरेत बाजूला. बघता बघता टेबलावर दोनच ढीग उरले, खायचे आणि न खायचे. खरं सांगतो, इतकं स्वच्छ वर्गीकरण मला कुठल्याच पुस्तकात दिसलं नाही. विरजण मात्र राहिलंच.

एक पातळ, चपटा शिंपला निघाला. दिव्यासमोर धरला की उजेड आरपार झिरपतो. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी हेच शिंपले बसवत. आमचा चारही बाजूंनी कापून नीट चौकोनी केलेला आहे. तेव्हा तो मावशीला किनाऱ्यावर सापडला की कुणाच्या खिडकीत, हा विषय मी फोनवर काढलेला नाही.

भाच्याला भलतंच सापडलं. काही तिसऱ्यांना टोकाजवळ एकेक गोल भोक, बाहेरून रुंद, आत निमुळतं, इतकं सफाईदार की त्याला वाटलं आजीनं माळेसाठी पाडलंय. पण हे काम नॅटिका नावाच्या गोगलगायीचं. ती वाळूखाली शिंपला गाठते, त्याला पायाखाली आवळते, स्राव सोडून कवच मऊ करते आणि कानशीसारख्या जिभेनं तासन्‌तास खरवडत राहते. भोक पडलं की आतला ऐवज फस्त.

हे कळल्यावर भाच्यानं बाकी सगळं सोडून हीच केस हातात घेतली. साऱ्या गोणीत पूर्ण भरलेली चिठ्ठी आता एकाच डबीवर आहे: "मयत: तिसरी. आरोपी: नॅटिका. घटनास्थळ: हर्णै किंवा वेळणेश्वर."